चुंबकत्व आहे, पण कुणाचं?

११ फेब्रुवारी २००० च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात एक साधा पट्ट्यांचा आलेख छापून आला. एका बाजूला अर्धवाहक पदार्थांची नावं, दुसऱ्या बाजूला तापमान. वॉर्साचे तोमाश दीत्ल, सेंदाईचे हिदेओ ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं होतं, की या प्रत्येक पदार्थात पाच टक्के मँगनीज मिसळलं तर तो किती तापमानापर्यंत लोहचुंबक राहील. बहुतेक पट्ट्या कडाक्याच्या थंडीतच संपत होत्या. दोन मात्र ३०० केल्विनची, म्हणजे २७ अंश सेल्सियसची रेषा ओलांडून गेल्या होत्या. एक गॅलियम नायट्राइडची, दुसरी झिंक ऑक्साइडची. झिंक ऑक्साइड म्हणजे कॅलामाइन लोशनमधली, टायरच्या रबरात घालतात ती पांढरी भुकटी. पुढची दहा-बारा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा या भुकटीला आणि तिच्या भाऊबंदांना चुंबक बनवण्याच्या मागे लागल्या. त्या धावपळीतून काय हाती आलं, यापेक्षा ती कशी अडखळली हे मला जास्त सांगण्यासारखं वाटतं.

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो तसा स्पिन नावाचा गुणही असतो, आणि त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक ठरतो. बहुतेक पदार्थांत हे चुंबक जोडीनं राहून एकमेकांना निष्प्रभ करतात. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांत काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे उरतात आणि शेजारपाजारचे असे सगळे एकाच दिशेला तोंड करतात. हेच लोहचुंबकत्व. पदार्थ तापवत गेलं की ही शिस्त मोडते. ती पुरती मोडते ते क्युरी तापमान : लोखंडाचं १०४३ केल्विन, कोबाल्टचं १३८८.

संगणकात हिशेब करायचं काम सिलिकॉन हा अर्धवाहक करतो आणि हार्डडिस्कवर माहिती साठवायचं काम चुंबकीय धातू करतात. पहिल्याला इलेक्ट्रॉनचा भार कळतो, दुसऱ्याला स्पिन. दोन्ही एकाच पदार्थात जमलं तर? १९९० मध्ये सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी स्पिनवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच टोचू लागला. चुंबकीय अर्धवाहक तसे नवे नव्हते. युरोपियम ऑक्साइडचं लोहचुंबकत्व १९६१ पासून माहीत होतं, पण त्याचं क्युरी तापमान ६९ केल्विन. ओहनोंनी १९९० च्या दशकात गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज घालून ११० केल्विनपर्यंत मजल मारली. तेही उणे १६३ सेल्सियस. खिशातल्या फोनला याचा काय उपयोग? म्हणून त्या आलेखातल्या दोन लांब पट्ट्यांनी सगळ्यांना वेड लावलं.

त्या गणिताला एक अट होती, आणि ती लेखात स्पष्ट लिहिलेली होती. पदार्थात ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, भरपूर हव्यात : दर घन सेंटिमीटरला ३.५ गुणिले १० चा विसावा घात. कारण मँगनीजच्या एका अणूचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोचवणार हे होलच. झिंक ऑक्साइडचा स्वभाव नेमका उलटा. त्यात आपसूकच इलेक्ट्रॉन जास्त असतात, आणि होलवाला झिंक ऑक्साइड बनवणं हे आजही जिकिरीचं काम आहे. बहुतेकांनी ही अट बाजूला ठेवली, इलेक्ट्रॉनवालाच पदार्थ बनवला आणि तरीही त्यांना चुंबकत्व सापडलं! त्याच क्षणी शंकेची पाल चुकचुकायला हवी होती.

पहिला मोठा धक्का २००१ मध्ये जपानमधून आला. कावासाकी आणि कोइनुमा यांच्या गटानं टायटॅनियम डायऑक्साइडच्या, म्हणजे घराच्या भिंतींना देतात त्या पांढऱ्या रंगातल्या पदार्थाच्या अतिपातळ थरात, म्हणजे फिल्ममध्ये, आठ टक्क्यांपर्यंत कोबाल्ट मिसळून ती ४०० केल्विनच्या वरही चुंबकीय राहते असं दाखवलं. पारदर्शक चुंबक! त्याच वर्षी ओसाकाच्या गटानं कोबाल्टवाला झिंक ऑक्साइड जाहीर केला. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की दहा टक्क्यांहून कमी वेळा ते जमतं. या वाक्याकडे तेव्हा फारसं कुणी थांबून पाहिलं नाही.

अशा फिल्म बनवण्याची रूढ रीत म्हणजे पदार्थाच्या वडीवर लेसरचे जोरकस ठोके मारायचे आणि उडालेली वाफ समोरच्या स्फटिकावर थरानं बसू द्यायची. अतिसंवाहकांसाठी ही रीत १९८७ च्या सुमारास नावारूपाला आणणाऱ्यांपैकी टी. वेंकटेशन पुढे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात होते आणि त्यांच्याबरोबर होते पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले आणि तिथेच शिकवून आलेले सतीशचंद्र ओगले. या गटानं २००३ मध्ये कथिलाच्या ऑक्साइडमध्ये थोडा कोबाल्ट घातला आणि क्युरी तापमान ६५० केल्विनच्या आसपास असल्याचं जाहीर केलं. त्याहून चक्रावणारा होता दर कोबाल्ट अणूमागचा चुंबकीय जोर. तो निघाला ७.५ बोर मॅग्नेटॉन, म्हणजे साधारण साडेसात बिनजोड इलेक्ट्रॉनांएवढा. शुद्ध कोबाल्ट धातूत तो १.७ असतो, ऑक्साइडमधल्या कोबाल्ट आयनाच्या तीन बिनजोड इलेक्ट्रॉनांचा हिशेब केला तर ३ च्या आसपास यायला हवा. मग उरलेला कुठून आला? इथे मुळात कोबाल्टशिवाय आणखी कुणीतरी चुंबकीय आहे, असं मला तरी तो आकडा सुचवतो.

पण ७.५ बाजूला ठेवला तरी कोडं सुटत नाही. शंभर पानांच्या पंगतीत पाच ओळखीचे विखरून बसवले तर त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. मध्ये अनोळखी माणसं असतात. झिंक ऑक्साइडमध्ये जस्ताच्या प्रत्येक अणूला जस्ताचेच बारा जवळचे शेजारी. अशा रचनेत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोबाल्टची सलग साखळी जुळायला सुमारे वीस टक्के कोबाल्ट लागतो, आणि प्रयोग चालले होते पाच टक्क्यांवर. शिवाय ऑक्सिजनच्या मध्यस्थीनं शेजारी बसलेले दोन कोबाल्ट सहसा एका दिशेला नव्हे, विरुद्ध दिशांना तोंड करतात. निरोप न्यायला भरपूर इलेक्ट्रॉन फिरत असते तर गोष्ट वेगळी. पण यांतल्या कित्येक फिल्म वीज धड वाहूनही नेत नव्हत्या.

आता मोजणीकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. पाच मिलिमीटर लांबरुंद, शंभर नॅनोमीटर जाडीची झिंक ऑक्साइडची फिल्म घ्या आणि तिच्यात पाच टक्के कोबाल्ट असू द्या. कोबाल्टचे अणू झाले पाच हजार अब्जांच्या हजारपट. आकडा दांडगा वाटतो, पण प्रत्येकानं एक मॅग्नेटॉन दिला तरी एकूण चुंबकत्व तेवढंच, जेवढं पाव मायक्रोग्रॅमहून कमी लोखंडाचं असतं. लोखंडाचा तेवढा कण म्हणजे सुमारे चाळीस मायक्रॉनचा ठिपका, आपल्या केसाच्या निम्म्या जाडीचा. तो फिल्मवर पडलेला असेल तर डोळ्याला दिसणारही नाही. स्क्विड नावाचं मोजणीयंत्र मात्र याहून हजारपट क्षीण चुंबकत्वही टिपतं. ते चुंबकत्व किती आहे हे सांगतं. ते कुणाचं आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्यात फिल्म बसलेली असते अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्फटिकावर, म्हणजे स्वतःच्या पाच हजारपट जाड आधारावर. त्या स्फटिकाचा वाटा आधी वजा करायचा आणि जो तळाशी उरेल तो फिल्मचा मानायचा.

२००४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या मायकेल कोई यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये लिहिलं की हॅफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये कोणतीही चुंबकीय भेसळ न करताच चुंबकत्व दिसतं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या तिघा संशोधकांनी तसल्याच फिल्म बनवून पाहिल्या. चुंबकत्व नव्हतं. मग त्यांनी त्या स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यानं धरल्या आणि चुंबकत्व आलं. चिमट्याच्या टोकानं कडेला सोडलेला पोलादाचा सूक्ष्म माग तेवढ्याला पुरेसा होता. त्या प्रकरणानंतर या क्षेत्रात प्लास्टिकचे आणि सिरॅमिकचे चिमटे आले. डब्लिनच्या नमुन्यांतही नेमकं हेच घडलं असं यावरून सिद्ध होत नाही, पण धडकी भरायला एवढं पुष्कळ होतं.

बाहेरून आलेलं लोखंड त्या मानानं सोपा चोर म्हणायचा. घरातला चोर पकडणं कठीण. कोबाल्ट ऑक्साइडमध्ये नीट विरघळला नाही तर त्याचे धातुरूप कण आतल्या आत साकळतात, आणि कोबाल्ट धातू तर जन्मजात चुंबक. मेरीलँडच्याच गटानं २००३ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या आपल्या फिल्म तपासल्या तेव्हा दोन टक्क्यांच्या पुढे घातलेला कोबाल्ट २० ते ५० नॅनोमीटरच्या गोळ्यांत साठलेला सापडला. सात टक्केवाल्या फिल्मचं क्युरी तापमान ११८० केल्विनच्या वर. गंमत पुढे आहे. ते मोजायला फिल्म इतकी तापवावी लागली, की त्या तापण्यानंच गोळे विरघळून गेले, आणि दुसऱ्या मोजणीत त्याच फिल्मचं क्युरी तापमान ६५० च्या आसपास भरलं. मोजणारा हातच नमुना बदलत होता.

याच गटानं दुसऱ्यांचाही हिशेब तपासला. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००३ मध्ये मँगनीजवाल्या झिंक ऑक्साइडचं चुंबकत्व जाहीर केलं होतं. २००४ मध्ये ओगले-वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते मँगनीज आणि जस्ताच्या एका वेगळ्याच, मध्येच तयार झालेल्या ऑक्साइडमुळे येतं. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सी. एन. आर. राव आणि दीपक यांनी २००५ मध्ये मँगनीज आणि कोबाल्टवाला झिंक ऑक्साइड काळजीपूर्वक बनवला, तर त्यात लोहचुंबकत्व सापडलंच नाही. २००६ मध्ये सुंदरेसन आणि राव यांना त्याच केंद्रात झिंक ऑक्साइड, अॅल्युमिना, सिरियम ऑक्साइड यांच्या शुद्ध, बिनभेसळ नॅनोकणांत क्षीण लोहचुंबकत्व दिसलं. घातलं तिथे नाही आणि घातलं नाही तिथे आहे!

मग कोबाल्टलाच विचारायचं कसं? कोबाल्टवाला झिंक ऑक्साइड हिरवा दिसतो. रिनमन या स्वीडिश रसायनज्ञाच्या नावानं तो रंग अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे. हिरवी छटा सांगते की कोबाल्ट जस्ताच्या जागी जाऊन बसला आहे; पण थोडा कोबाल्ट बाहेर धातू होऊन पडला असेल तर रंग त्याची चहाडी करत नाही. हॉल परिणाम नावाची विद्युत चाचणी बराच काळ निर्णायक मानली जायची, कारण तिथे चुंबकत्वाची साक्ष वाहत्या इलेक्ट्रॉनकडून मिळते. २००४ मध्ये मेरीलँडनंच दाखवलं की कोबाल्टचे गोळे असलेल्या फिल्ममध्येही ती साक्ष मिळू शकते. उरला सिंक्रोट्रॉन या कणत्वरकातून निघणारा क्ष-किरण. त्याची ऊर्जा अशी जुळवता येते की फक्त कोबाल्टच उत्तर देईल. २००७ मध्ये झिंक ऑक्साइडच्या चुंबकीय फिल्मवर हा प्रयोग झाला तेव्हा अख्खा नमुना लोहचुंबक होता आणि त्यातले कोबाल्ट अणू आपापल्या दिशांना भरकटलेले. म्हणजे चुंबकत्व खरं. पण ज्याच्या नावावर ते लावलं होतं, त्याचं नव्हे.

मग ते येतं कुठून? कोई यांनी २००५ मध्ये सुचवलं होतं की स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिल्या की तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन दूरदूरच्या कोबाल्टना एकत्र बांधतात. दीत्ल यांनी नंतर दुसऱ्या बाजूवर भर दिला : भेसळ पदार्थात एकसारखी पसरतच नाही, कुठे दाट कुठे विरळ साचते, आणि दाट ठिपके चुंबकत्व देतात. म्हणजे २००० च्या आलेखानं गृहीत धरलेला पदार्थ बहुतेकांच्या हाती कधी आलाच नव्हता. त्या आलेखाला खोटं पाडायचं तर आधी तो पदार्थ बनवायला हवा.

सगळंच पाण्यात गेलं असं नाही. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी कोबाल्टवाल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर विद्युतदाब देऊन, खोलीच्या तापमानाला, चुंबकत्व जागं करून दाखवलं. साकळलेल्या कोबाल्टला किंवा चिमट्याच्या मागाला असा दाब कळायचं कारण नाही, म्हणून मला हा या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. उद्योग मात्र वाट पाहत बसला नाही. आज चिपमध्ये जी चुंबकी मेमरी मिळते ती कोबाल्ट-लोहाच्या मिश्रधातूंवर आणि त्यांच्यामधल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पापुद्र्यावर चालते. त्यात ऑक्साइड आहे, पण तो स्वतः चुंबक नाही.

आणि बिनभेसळ ऑक्साइडचं भूत अजून उतरलेलं नाही. २०१६ मध्ये कोई यांच्या गटानं सिरियम ऑक्साइडचे चार नॅनोमीटरचे कण घेतले आणि ते अॅल्युमिनाच्या भुकटीत, लॅटेक्सच्या गोळ्यांत आणि चक्क साखरेत मिसळले. सिरियम ऑक्साइड तेवढाच, फक्त त्याचे कण एकमेकांपासून लांब गेले. चुंबकत्व दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरलं. लोखंडाची भेसळ असती तर साखरेनं तिला काय फरक पडला असता? कणांचा पुंजका शंभर नॅनोमीटरच्या आसपास असला तरच चुंबकत्व दिसतं, असं त्यांना आढळलं. त्यांनी याचा संबंध थेट निर्वात पोकळीतल्या विद्युतचुंबकीय थरथरीशी जोडला आहे. ते स्पष्टीकरण मला फार लांबचं वाटतं, पण साखरेच्या प्रयोगाला चोख उत्तर देणारं दुसरं जवळचं स्पष्टीकरणही माझ्या पाहण्यात नाही.