चेस्टर नेझ : हप्त्याहप्त्याने मिळालेला सन्मान

४ जून २०१४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात चेस्टर नेझ यांचं वयाच्या ९३व्या वर्षी निधन झालं. दुसऱ्या महायुद्धात ज्या २९ नाव्हाहो आदिवासी तरुणांनी मातृभाषेतून अमेरिकेच्या मरीन दलासाठी सांकेतिक भाषा रचली, त्यांच्यातले ते शेवटचे. राज्यभर ध्वज अर्ध्यावर उतरवले गेले. पण याच माणसाला या देशाने आधी कसं वागवलं होतं, हे पाहिल्याशिवाय त्या मानवंदनेची किंमत कळत नाही.

नेझ यांचा जन्म १९२१चा, चिचिल्टा या आडगावातला. घरचा व्यवसाय मेंढपाळीचा. स्वतःला ‘दिने’ म्हणवणाऱ्या नाव्हाहो लोकांना १८६४मध्ये अमेरिकी सैन्याने घरादारांतून उठवून शेकडो मैल पायी चालवत छावणीत नेलं होतं. त्या वाटेवर आणि छावणीत उपासमारीने, रोगराईने हजारो माणसं दगावली. १८६८च्या तहानंतर उरलेल्यांना आपल्या मुलखात परतता आलं. नेझ यांच्या लहानपणी या आठवणी घराघरांत ताज्या होत्या. त्यांत १९३०च्या दशकात नवा घाव बसला. जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकारने नाव्हाहोंचे कळप सक्तीने कमी केले, कित्येक जनावरं मालकांच्या डोळ्यांदेखत मारली. नेझ कुटुंबाचा कळपही त्यातून वाचला नाही.

पोरांना सरकारी निवासी शाळांत घातलं जाई. ‘चेस्टर’ हे नाव तिथेच चिकटवलेलं, एका माजी राष्ट्राध्यक्षांचं. आईच्या भाषेत बोलताना सापडलं तर साबणाने तोंड धुतलं जाई. नेझ यांनीही ती शिक्षा भोगली.

१९४२ साल उजाडलं तेव्हा प्रशांत महासागरात जपानी सैन्य अमेरिकेचे संदेश चोरून ऐकत होतं आणि उलगडतही होतं. मिशनरी बापामुळे नाव्हाहो वस्तीत वाढलेल्या फिलिप जॉन्स्टन यांनी मरीन अधिकाऱ्यांना सुचवलं, की ही भाषा वापरून पाहा. चाचणी यशस्वी झाली. मे महिन्यात पहिली तुकडी भरती झाली. शाळेत शिकत असलेले नेझ तीत होते.

कॅलिफोर्नियातल्या कँप इलियटमध्ये त्यांनी जे काम केलं, त्याची थोरवी अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही. नुसतं नाव्हाहोत बोलून भागणार नव्हतं. त्यांनी भाषेवर आणखी एक पडदा घातला. रणगाडा म्हणजे कासव, लढाऊ विमान म्हणजे हमिंगबर्ड, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, बाँब म्हणजे अंडी. गावांची-माणसांची नावं एकेका इंग्रजी अक्षरासाठी ठरवलेल्या नाव्हाहो शब्दांनी सांगायची. सुरुवातीला दोनशेच्या आसपास संज्ञा होत्या, युद्ध संपेपर्यंत त्या चारशेच्या पुढे गेल्या. सगळं तोंडपाठ. रणभूमीवर कागद न्यायचा नाही. परिणाम असा, की प्रशिक्षण न घेतलेल्या नाव्हाहोलाही संदेशाचा अर्थ लागत नसे. जपानी कैदेत सापडलेल्या जो कियूमिया या नाव्हाहो सैनिकाचा अर्थासाठी अतोनात छळ झाला. शब्द त्याला ओळखू येत होते, पण जुळणी लागत नव्हती.

नोव्हेंबर १९४२मध्ये नेझ ग्वादलकॅनाल बेटावर उतरले. त्यांचा पहिला संदेश शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्याविषयीचा होता. उजव्या बगलेला ठाणं आहे, ते उडवा. थोड्याच वेळात ते उडालं. पुढे बोगनव्हिल, ग्वाम, पेलेलिउ. जोडीजोडीने काम चाले. एक जण रेडिओला वीज पुरवण्यासाठी दांडा फिरवी, दुसरा बोले, मग अदलाबदल. यंत्राने सांकेतिक करून उलगडायला ज्या मजकुराला बराच वेळ लागे, तो ही मंडळी सेकंदांत पोचवत. १९४५मध्ये इवो जिमाच्या लढाईत मेजर हॉवर्ड कॉनर यांच्या हाताखालच्या सहा नाव्हाहो सैनिकांनी पहिल्या दोन दिवसांत आठशेच्या वर संदेश एकही चूक न करता हाताळले. ते नसते तर बेट हाती आलं नसतं, असं कॉनर यांनीच पुढे सांगितलं. युद्धभर सुमारे चारशे नाव्हाहो या कामावर होते. हा संकेत शत्रूला कधीच फोडता आला नाही.

युद्ध संपलं आणि मोबदला काय मिळाला? ओळखपत्र काढायला गणवेशात गेलेल्या नेझ यांना गॅलप शहरातल्या सरकारी कचेरीत ऐकावं लागलं, की तुम्ही या देशाचे पूर्ण नागरिक नाही. १९२४च्या कायद्याने आदिवासींना नागरिकत्व मिळालं होतं, तरी न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात त्यांना मत देता येत नव्हतं. ती दारं १९४८मध्ये न्यायालयाने उघडली. न्यू मेक्सिकोतला खटला लढणारे मिगेल त्रुहियो हेही माजी मरीनच होते. देशाने आपण होऊन हक्क दिला नाही, सैनिकाला तो कोर्टात जाऊन मिळवावा लागला.

नेझ यांना रात्री मेलेले जपानी सैनिक दिसत. वडिलांनी परंपरेप्रमाणे बाधा उतरवणारा विधी करवला, तेव्हा मन थोडं स्थिरावलं. पण जे घडलं ते उघड बोलायची बंदी होती. पुन्हा लागेल म्हणून संकेत गुप्त ठेवला होता. कोरियन युद्धातही नेझ सैन्यात होते. नंतर अल्बुकर्कीतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षं रंगारी म्हणून नोकरी केली. १९६८मध्ये गुप्ततेचा शिक्का उठला, तेव्हा युद्ध संपून दोन तपं होत आली होती. तोवर अनेक जण कुणालाही काही न सांगताच गेले.

त्यानंतर मानसन्मान हप्त्याहप्त्याने येत राहिले. १९८२मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १४ ऑगस्ट हा या नाव्हाहो संदेशकांचा दिवस जाहीर केला. २६ जुलै २००१ रोजी मूळ २९ जणांना काँग्रेसचं सुवर्णपदक देण्यात आलं. तेव्हा पाच जण हयात होते आणि चौघे समारंभाला येऊ शकले. नेझ त्यांतले एक. २०११मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. तरुणपणी पैशाअभावी अर्धवट राहिलेल्या कलाशिक्षणाची पदवी कॅन्सस विद्यापीठाने २०१२मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी दिली. २०१३मध्ये ३३ अन्य जमातींच्या संदेशकांनाही पदकं मिळाली. त्यांत पहिल्या महायुद्धातले चोक्टॉ होते. ऑक्टोबर २०२४मध्ये संदेशक जॉन किन्सेल १०७व्या वर्षी गेले आणि हयात नाव्हाहो संदेशकांची संख्या दोनावर आली.

पदकं खोटी नाहीत. म्हाताऱ्या डोळ्यांत त्या दिवशी आलेला आनंद खराच होता. पण ती जबाबदारी फेडणारी पावती नव्हे. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की नाव्हाहोंसाठी पाण्याची तजवीज करणं १८६८च्या तहाने सरकारवर बंधनकारक नाही. त्यांच्या वस्तीत आजही कित्येक घरांत नळ नाही, पाणी मैलोन्मैल वाहून आणावं लागतं. मार्च २०२५मध्ये तर या संदेशकांच्या कामगिरीची पानं लष्करी संकेतस्थळांवरून काही दिवस गायब झाली. ओरड झाल्यावर परत आली. दिलेला मानही सांभाळावा लागतो, हे त्यातून दिसलं.

नाव्हाहो बोलणारी माणसं अजून लाखाच्या वर आहेत, पण लहान मुलांत ती भाषा झपाट्याने ओसरते आहे. नेझ यांच्या ओठांवरून जी पुसायचा प्रयत्न झाला, तिच्यामुळेच हजारो अमेरिकी सैनिक जिवंत घरी परतले. त्या निवासी शाळांचं कर्ज फेडायची जागा शाळाच आहे. नाव्हाहो शिकवणाऱ्या वर्गांना भरपूर पैसा, शिक्षक आणि पुस्तकं मिळावीत, घराघरांत पाणी पोचावं, आणि दर १४ ऑगस्टला भाषण करणाऱ्या प्रत्येक नेत्याला या दोन गोष्टींचा हिशोब विचारला जावा. हे झालं, तर चेस्टर नेझ यांना वाहिलेली मानवंदना पुरी होईल.