एलसॅट आणि अमेरिकेतील लॉ स्कूल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत वकिलीचे शिक्षण बारावीनंतर सुरू होत नाही. आधी कोणत्याही विषयाची पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांचा जेडी हा अभ्यासक्रम करायचा, असा तिथला क्रम आहे. जेडीच्या प्रवेशासाठी १९४८ पासून ‘लॉ स्कूल ॲडमिशन टेस्ट’ घेतली जाते. तिला बोलण्यात एलसॅट म्हणतात. अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतली मुले ही परीक्षा देतात, तसेच भारतात पदवी घेऊन तिकडे जाऊ पाहणारेही देतात. भारतातल्या प्रवेशपरीक्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या पालकांचे अंदाज इथे मात्र बऱ्याचदा चुकतात, कारण या परीक्षेची घडण आणि त्यापुढची प्रवेशप्रक्रिया दोन्ही निराळी आहेत.

सर्वांत पसरलेला समज असा की या परीक्षेसाठी कायदा माहीत असावा लागतो. प्रत्यक्षात तिच्यात कायद्याचा एकही प्रश्न नसतो. सामान्यज्ञान, चालू घडामोडी आणि गणितही नसते. प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार विभाग असतात आणि त्यांतल्या तिनांचेच गुण धरले जातात. त्या तिनांपैकी दोन विभाग तर्कशुद्ध विचाराचे आणि एक उताऱ्यांच्या आकलनाचा असतो. चौथा विभाग पुढच्या परीक्षांसाठी प्रश्न पारखून घेण्यापुरता असतो. तो कोणता हे परीक्षार्थीला कळत नाही, त्यामुळे चारही तितक्याच गांभीर्याने सोडवावे लागतात. युक्तिवाद मांडणारा एक निबंध वेगळ्या वेळी लिहायचा असतो. त्याला गुण नसतात, पण तो महाविद्यालयांकडे जातो.

तर्काचे प्रश्न कसे असतात, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. समजा, चार-सहा ओळींचा उतारा असा आहे : एका शहराने चौकाचौकांत कॅमेरे बसवले. त्यानंतरच्या वर्षी सिग्नल तोडल्याच्या नोंदी दुपटीवर गेल्या. म्हणून त्या शहरातले वाहनचालक पूर्वीपेक्षा बेफिकीर झाले आहेत. या युक्तिवादातली उणीव कोणती, असे विचारून पाच पर्याय दिले जातात. खरी उणीव ही की नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असे ठरत नाही. पूर्वी जे कोणाच्या नजरेस पडत नव्हते ते आता टिपले जात असेल. बाकीचे चार पर्यायही वाचताना पटण्यासारखे असतात. एखादा म्हणतो की कॅमेऱ्यांवर खर्च किती झाला हे लेखकाने सांगितलेले नाही. ते खरेच आहे, पण निष्कर्षाशी त्याचा संबंध नाही. दुसरा म्हणतो की कॅमेऱ्यांमुळे शिस्त नक्कीच वाढली. हा दावा उताऱ्यात आहे त्या माहितीच्या फार पुढे जातो. पर्याय खरा आहे का, याला महत्त्व नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे का, एवढेच तपासायचे असते. वकिलाच्या कामाशी या परीक्षेचे नाते आहे ते इथे. समोरच्याच्या बोलण्यातले गृहीतक हुडकणे हे कोर्टात आणि करार वाचतानाही रोजचे काम असते.

जुनी पुस्तके घरात असली म्हणजे तयारीची सोय झाली, हा समजही आता धोक्याचा आहे. बैठकव्यवस्था, वेळापत्रके, गटवारी अशी कोडी असलेला एक विभाग अनेक वर्षे या परीक्षेची ओळख होता. आकृती काढून सोडवण्याची ती कोडी दृष्टिहीन परीक्षार्थींवर अन्याय करतात, अशी तक्रार न्यायालयात गेली. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून हा विभाग काढून टाकण्यात आला. त्याआधीच्या पुस्तकांतला तो भाग आता उपयोगाचा नाही. तर्काचे आणि आकलनाचे जुने प्रश्न मात्र आजही उत्तम सराव देतात. परीक्षा घेणारी संस्था, लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, आपल्या संकेतस्थळावर काही जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य देते, आणि आर्थिक अडचण असलेल्यांसाठी शुल्कमाफीची योजनाही आहे. महागड्या शिकवणीवाचून गत्यंतर नाही, असे म्हणण्याआधी निदान एवढे पाहून घ्यावे.

तयारीत खरी गफलत होते ती संख्येची. रोज एक प्रश्नपत्रिका सोडवली की गुण वाढतील असे वाटते. काही दिवस वाढतात आणि मग अडतात. पुढची वाढ चुकांच्या परीक्षणातून येते. सोडवलेली प्रश्नपत्रिका उत्तरे न पाहता, वेळेचे बंधन न ठेवता पुन्हा सोडवावी. दुसऱ्या वेळी बरोबर आले तर अडचण वेगाची आहे, दुसऱ्यांदाही चुकले तर समजेची. दोहोंचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा भेद कळल्याशिवाय केलेला सराव बराचसा वाया जातो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची धास्ती असते, पण अवघड शब्दांची यादी पाठ करून फार साधत नाही. ‘जोवर नाही तोवर’, ‘केवळ तेव्हाच’, ‘काही’ आणि ‘बहुतेक’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द नेमके वाचता येणे अधिक मोलाचे ठरते, कारण बहुतेक सापळे त्यांच्यातच असतात.

गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात आणि मधला परीक्षार्थी १५०च्या थोडा वर असतो. त्या दिवशी हुशार मुले जास्त बसली तर आपले गुण घसरतात, ही भीती निराधार आहे. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीनुसार पट्टी जुळवली जाते. सोबत कोण बसले आहे याने फरक पडत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुन्हा परीक्षा दिल्याने पत जाते, हाही जुना समज. २००६ पासून महाविद्यालये आपल्या नव्या वर्गाची आकडेवारी देताना प्रत्येकाचे सर्वोच्च गुण कळवतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी वजन सर्वोच्च गुणांनाच मिळते. इतर प्रयत्न दिसतात एवढेच. अर्थात हवे तितक्या वेळा बसता येत नाही : गुण ग्राह्य असण्याच्या कालावधीत पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा, अशी मर्यादा आहे.

भारतातून अर्ज करणाऱ्यांचा गोंधळ वेगळा असतो. ‘एलसॅट इंडिया’ नावाची परीक्षा २००९ पासून भारतातल्या काही खासगी विधी महाविद्यालयांसाठी होती. २०२४ नंतर ती बंद झाली, आणि चालू असतानाही तिचे गुण अमेरिकेतल्या जेडीसाठी नव्हते. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातले ६५ टक्के म्हणजे अमेरिकेतल्या चार गुणांच्या पट्टीवर किती, या चिंतेतही वेळ घालवण्याचे कारण नाही. परदेशी गुणपत्रिकांवरून कौन्सिल आकडा काढत नाही. त्या तपासून सरासरीपेक्षा वर, सरासरी असा शेरा देते. शिवाय भारतात एलएलबी झालेल्या आणि एका वर्षाच्या एलएलएमला जाणाऱ्या विद्यार्थ्याला एलसॅट लागतच नाही. काही महाविद्यालये जेडीसाठी एलसॅटऐवजी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुणही स्वीकारतात. ॲरिझोना विद्यापीठाने २०१६ मध्ये त्याची सुरुवात केली.

महाविद्यालय निवडताना क्रमवारी हाती घेऊन वरून खाली यायचे, ही पद्धत सर्वाधिक नुकसान करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्ड या लॉ स्कूलनीच सर्वांत प्रसिद्ध क्रमवारीला माहिती देणे थांबवले आणि इतर काहींनी त्यांचे अनुकरण केले. क्रमवारीपेक्षा विश्वासार्ह माहिती उघडपणे उपलब्ध आहे. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या सुमारे २०० महाविद्यालयांना दरवर्षी ठरावीक नमुन्यात माहिती प्रसिद्ध करावी लागते : प्रवेश मिळालेल्यांचे गुण, शुल्क, शिष्यवृत्त्या, मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या, सनदेच्या परीक्षेचा निकाल. पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जणांना नोकरी होती, हेही द्यावे लागते. तिथे एकूण टक्केवारीवर थांबू नये. सनद आवश्यक असलेली, पूर्णवेळ आणि दीर्घ मुदतीची कामे किती, आणि महाविद्यालयाने स्वतःच्या पैशाने दिलेली किती, हे वेगळे नोंदलेले असते. मान्यता टिकवण्यासाठी सनदेच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किमान ७५ टक्के पदवीनंतर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे लागतात. जे महाविद्यालय या रेषेच्या आसपास घुटमळते तिथे फार विचार करून जावे.

सनद राज्यागणिक मिळते, म्हणून कुठे राहून काम करायचे हा प्रश्न आधी सोडवायला हवा. देशपातळीवर नाव असलेली मोजकी महाविद्यालये सोडली तर बाकीच्यांचे वजन त्यांच्या राज्यात आणि आसपास चालते. विस्कॉन्सिनमधल्या दोन लॉ स्कूलच्या पदवीधरांना तर त्या राज्यात सनदेची परीक्षाच द्यावी लागत नाही.

पैशाच्या बाबतीत, छापील शुल्क सगळेच भरतात असे नाही. चांगल्या गुणांवर मोठी शिष्यवृत्ती मिळते आणि दुसरीकडची रक्कम दाखवून ती वाढवून मागणे रूढ आहे. मात्र काही शिष्यवृत्त्या वर्गातल्या ठरावीक सरासरीवर टिकतात. गुण एकमेकांच्या तुलनेत वाटले जात असल्याने सर्वांनी कसून अभ्यास केला तरी ती अट सर्वांना पाळता येत नाही. किती जणांची शिष्यवृत्ती गेली, तो आकडाही प्रसिद्ध होतो. प्रवेश मिळाल्यास येण्याचे बंधन घालणारा लवकरचा अर्ज केला की घासाघीस करण्याची ताकद जाते. नामांकित खासगी लॉ स्कूलमध्ये राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या पुढे जातो, आणि १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्जावर वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना हे कर्ज मिळत नाही. भारतीय नागरिकाला परतून भारतात वकिली करायची असेल, तर पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते आणि तिची पात्रता परीक्षाही द्यावी लागते.