कुलूपबंद घरे : दंड कोणाला आणि कशासाठी?

मुंबईत घरांची टंचाई आहे हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. कुर्ला, गोवंडी भागात एकाच खोलीत दोन भाऊ आपापल्या संसारासह राहतात, हे आपण रोज पाहतो. पण याच मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात २०११ च्या जनगणनेच्या आधारे नमूद आहे. देशातील कोणत्याही शहरापेक्षा हा आकडा मोठा आहे. संपूर्ण देशात त्या जनगणनेला जवळपास अडीच कोटी घरे रिकामी आढळली. २०१२ मध्ये मात्र सरकारच्याच तज्ज्ञ गटाने शहरांत पावणेदोन कोटींहून अधिक घरांची टंचाई असल्याचे सांगितले.

साहजिकच, घर बंद ठेवणाऱ्या मालकांना दंड करा, अशी मागणी अधूनमधून होते. ती योग्य आहे काय? त्याआधी घरांना कुलूप का लागते, हे पाहिले पाहिजे.

पहिले कारण म्हणजे भाडेकरूची भीती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० चे किंवा त्यानंतर प्रथम ठरलेले भाडे पुढे पन्नास वर्षे जवळजवळ तसेच राहिले. एकदा दिलेली जागा परत मिळत नाही, हा धडा मालकांच्या दोन पिढ्या शिकल्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने स्थिती बदलली. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. 'लीव्ह अँड लायसन्स' कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कायदा बदलला, पण भीती गेली नाही.

दुसरे कारण हिशोबाचे आहे. मुंबईत एक कोटीच्या घराला वर्षाकाठी साधारण दोन-तीन लाख भाडे येते. त्यातून दुरुस्ती, दलाली आणि कर वजा केल्यास हाती थोडेच उरते. मग मालक म्हणतो, भाव वाढेपर्यंत राहू दे. असे घर म्हणजे तिजोरीतले सोने.

तिसरे कारण वारसाहक्काचे. वडील वारले, पाच वारस, हिस्से ठरलेले, पण वाटणी झालेली नाही. कोणी भाड्याने देऊ म्हटले की दुसरा अडवतो. हे चित्र आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

आणि चौथे कारण आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. फोनवर घर रिकामे असते, नाव सांगितले की ते 'कालच दिले' जाते. भाडेकरूच्या धर्मावरून किंवा जेवणावरून त्याला नाकारणारा मालक स्वतःचेही भाडे बुडवतो आणि शहराचीही एक जागा अडवून ठेवतो.

नवल असे की, आपले नियम कुलूप लावणाऱ्यालाच सवलत देतात. घर भाड्याने दिले की गृहनिर्माण संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारने २००१ मध्ये त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली, एवढेच. घर बंद ठेवले तर हे शुल्क नाही! पूर्वी दुसऱ्या रिकाम्या घराच्या काल्पनिक भाड्यावर प्राप्तिकर लागत असे, २०१९ च्या अर्थसंकल्पाने तोही काढून टाकला.

कॅनडातील व्हँकुव्हर शहराने वेगळा मार्ग धरला. वर्षातून सहा महिन्यांहून अधिक काळ रिकाम्या राहणाऱ्या घरावर तेथे २०१७ पासून मूल्याच्या १ टक्का कर बसला, २०२१ पासून तो ३ टक्के झाला. मात्र मालकाचा मृत्यू, मोठी दुरुस्ती अशा कारणांसाठी सूट आहे, आणि जमा होणारा पैसा परवडणाऱ्या घरांसाठी वापरला जातो.

आपल्याकडे असा कर सरसकट लावणे मात्र अन्यायाचे ठरेल. कोकणाचेच पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांत आखाती देशांत किंवा मुंबईत राबणाऱ्यांनी बांधलेली घरे सुटीपुरतीच उघडतात. २००१ ते २०११ या काळात या जिल्ह्याची लोकसंख्याच घटली. तेथे घर बंद आहे म्हणून कोणी बेघर झालेला नाही. त्या मालकाला दंड कशाबद्दल करायचा?

म्हणून आमचे मत असे की, जेथे खरोखर टंचाई आहे त्या शहरांत, तिसऱ्या-चौथ्या घराला वर्षानुवर्षे कुलूप ठेवणाऱ्यांवर आणि तयार घरे अडवून ठेवणाऱ्या बिल्डरांवर कर बसावा. धान्याची साठेबाजी गुन्हा ठरते, मग निवाऱ्याची साठेबाजी निर्दोष कशी? पण त्याआधी भाडेतंटे महिन्यांत निकाली निघाले पाहिजेत आणि भाड्याने देणाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क बंद झाले पाहिजे. दंडाच्या भीतीने उघडलेले घरही 'नाव काय?' विचारूनच दिले जाणार असेल तर गरजूच्या पदरी काही पडणार नाही. त्यामुळे भेदभावाला मनाई करणारा नियमही सोबत हवा.

सरकार करील तेव्हा करील. तोवर ज्या वाचकांकडे रिकामी खोली आहे त्यांनी लेखी करार करावा, त्याची नोंदणी करावी आणि घर द्यावे. नोंदणी ही कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे, आणि लेखी करार नसल्यास वादात भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. ज्यांची वाटणी रखडली आहे त्यांनी भावंडांसह एकदा बसावे. वारसांच्या वादात बंद पडलेल्या घराची भिंत कोणाचीही वाट पाहत नाही, ती दर पावसाळ्यात थोडी थोडी खचत जाते.