कीर्ति : नांवाची आणि माणसाची



आपल्या मराठी भाषेंत प्रसिद्ध होण्याला ‘नांव होणें’ असें म्हणतात. कोणाचें गाणें बैठकींत रंगलें, कोणाचें पुस्तक गाजलें, म्हणजे ‘त्याचें नांव झालें’ असें आपण सहज बोलून जातों. वडील माणसें आशीर्वाद देतात तोही ‘घराण्याचें नांव काढ’ असाच. हा वाक्प्रचार घडविणाऱ्यांनीं ‘तो सुखी झाला’ असें म्हटलें नाहीं, ‘तो थोर झाला’ असेंही म्हटलें नाहीं. ‘नांव झालें’ एवढेंच म्हटलें. मला यांत मोठा अर्थ दिसतो. कीर्ति मिळते ती नांवाला. तें नांव धारण करणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येतें, हा प्रश्न निराळा आहे, आणि आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

‘मोठेपणीं तूं कोण होणार?’ या प्रश्नाला पूर्वीं वर्गांत डॉक्टर, वकील, स्टेशनमास्तर अशीं उत्तरें येत असत. तीं कामांचीं नांवें होतीं. आतां ‘मला प्रसिद्ध व्हायचें आहे’ असें सांगणारीं मुलें भेटतात. कशामुळें प्रसिद्ध, हा प्रश्न त्यांना दुय्यम वाटतो. आपलें छायाचित्र किती जणांनीं पाहिलें, किती जणांना तें आवडलें, याचा आंकडा त्यांच्या हातांतील फोनवर क्षणोक्षणीं दिसत असतो. तो वाढला कीं घरांत आनंद आणि घटला कीं जेवण गोड लागत नाहीं, अशी स्थिति मुलांचीच नव्हे, कांहीं आईबापांचीही झाली आहे. म्हणून ज्या वस्तूचा एवढा ध्यास घ्यावयाचा ती आहे तरी कशी, हें एकदां नीट पाहून घेणें बरें.

या इच्छेला मी वाईट म्हणत नाहीं. चालूं लागलेलें मूल दोन पावलें टाकतें आणि आई पाहते आहे ना, म्हणून मागें वळून बघतें. वहीवर लाल शाईनें ‘उत्तम’ असें लिहिलें, तर ती वही दप्तरांत न घालतां हातांत धरूनच मुलगा घरीं जातो, हें प्रत्येक शिक्षकानें पाहिलें आहे. आपल्याकडे कोणी पाहावें, आपल्या श्रमांचें चीज व्हावें, ही भूक अन्नाच्या भुकेइतकीच स्वाभाविक आहे. परंतु त्या मुलाला हवें असतें तें आईचें पाहणें, गुरुजींचें पाहणें. जो पाहतो त्याला तें मूल ओळखत असतें. प्रसिद्धींत नेमकें हेंच नसतें. प्रसिद्ध माणूस म्हणजे ज्याला असंख्य लोक ओळखतात, परंतु जो त्यांपैकीं बहुतेकांना ओळखत नाहीं. भूक एका पदार्थाची आणि ताटांत वाढलेला पदार्थ दुसराच, असा हा प्रकार आहे. म्हणून ताट कितीही भरलें तरी पोट भरत नाहीं.

तीन माणसांच्या चरित्रांवरून हें अधिक स्पष्ट होईल. पहिल्याला केवळ कीर्तीच हवी होती. दुसऱ्याला ती हवीही होती आणि नकोही होती. तिसरीला ती मुळींच नको होती.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानांत, एफिसस नांवाचें प्राचीन ग्रीक नगर होतें. तेथील आर्टेमिस देवीचें भव्य मंदिर दूरवर विख्यात होतें. इसवी सनापूर्वी ३५६ या वर्षीं हेरोस्ट्राटस नांवाच्या माणसानें त्याला आग लावली. कारण विचारतां त्यानें सांगितलें, कीं आपलें नांव जगांत व्हावें म्हणून. नगरवासीयांनीं त्याचें नांव कोणी उच्चारूं नये असें फर्मान काढलें. पण थिओपॉम्पस नांवाच्या इतिहासकारानें तें लिहून ठेविलें आणि तेवीसशें वर्षांहून अधिक काळ तें टिकून राहिलें आहे. तेव्हां त्याचा हेतु सिद्धीस गेला, असें वाटेल. परंतु त्याचे आईबाप कोण, तो पोटासाठीं काय करी, त्याला कोणी मित्र होता काय, यांतील कांहींच उरलें नाहीं. नांव उरलें आणि त्याला चिकटलेलें एक दुष्कृत्य उरलें. माणूस उरला नाहीं. तें मंदिर बांधणारे शिल्पज्ञ खेर्सिफ्रॉन व मेटाजेनीस यांचीं नांवें मात्र अभ्यासकांपलीकडे फारशीं कोणाला ठाऊक नाहींत. कीर्तीच्या तराजूंत बांधण्यापेक्षां जाळण्याचें वजन अधिक भरतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण याहून पुष्कळ गुंतागुंतीचें आहे. टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज गृहस्थ पहिल्या महायुद्धांत, १९१६ ते १९१८ या काळांत, तुर्की साम्राज्याविरुद्ध उठलेल्या अरबांच्या बाजूनें लढला. युद्ध संपलें तेव्हां सामान्य जनांना त्याची फारशी माहिती नव्हती. १९१९ च्या ऑगस्टमध्यें लॉवेल टॉमस या अमेरिकन पत्रकारानें लंडनमध्यें छायाचित्रें व चित्रफिती दाखवून व्याख्यानें देण्यास आरंभ केला. तीं ऐकण्यास लोटलेल्या प्रचंड समुदायानें शुभ्र अरबी वेषांतील एक तरुण वीर आपल्या मनांत कायमचा बसविला. लॉरेन्सनें स्वतः लंडनमध्यें तो वेष चढवून टॉमसला छायाचित्रें घेऊं दिलीं, आणि तो खेळ पाहावयासही तो गेला. प्रसिद्ध होण्याची लालसा आणि त्या लालसेची लाज या दोन्ही आपल्या ठायीं एकत्र नांदतात, हें त्यानें आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें मान्य केलें आहे.

पुढें त्या वेषांतील वीरानें खऱ्या माणसाला जगणें कठीण करून सोडलें. कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढलेला हा मनुष्य १९२२ च्या ऑगस्टमध्यें जॉन ह्यूम रॉस असें नांव घेऊन ब्रिटिश विमानदलांत साधा शिपाई म्हणून भरती झाला. डिसेंबरच्या अखेरीस वृत्तपत्रांनीं ती बातमी फोडली आणि जानेवारींत त्याला तेथून निघावें लागलें. मग शॉ हें नांव घेऊन तो रणगाड्यांच्या दलांत शिरला, १९२५ मध्यें विमानदलांत परतला, आणि १९२७ मध्यें शॉ हेंच नांव त्यानें कायदेशीर रीतीनें धारण केलें. कीर्ति नांवाला चिकटली आहे ना, मग तें नांवच टाकून द्यावें, असा त्याचा साधा हिशेब होता. वास्तविक लॉरेन्स हेंही त्याच्या वडिलांचें मूळचें आडनांव नव्हतें; चॅपमन हें आडनांव टाकून त्यांनीं तें घेतलें होतें.

आपल्या युद्धकथेची संक्षिप्त आवृत्ति १९२७ मध्यें निघून गाजणार, हें ओळखून तो आधींच हिंदुस्थानांत निघून आला. कराचीजवळ ड्रिघ रोड येथें विमानदलाच्या तळावर, एंजिनें दुरुस्त करणाऱ्या विभागांत, तो कारकुनी करीत असे. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. म्हणजे जगांतील अत्यंत गाजलेल्या माणसांपैकीं एक जण आपल्याच इलाख्यांत कागदपत्रें सांभाळीत बसला होता. १९२८ मध्यें त्याची रवानगी वायव्य सरहद्दीवरील मिरानशहा येथील लहानशा ठाण्यांत झाली. त्याच वर्षीं अफगाणिस्तानांत अमानुल्ला बादशहाविरुद्ध बंड उठलें, आणि लॉरेन्स वेष पालटून तेथें कारस्थानें करीत आहे, अशा कथा वृत्तपत्रांतून सुरू झाल्या. माणूस ठाण्यांत बसला होता. नांव मात्र डोंगराडोंगरांतून हिंडत होतें! अखेर १९२९ च्या जानेवारींत सरकारनें त्याला घाईनें इंग्लंडला परत पाठविलें. १९३५ मध्यें नोकरी संपवून तो खेड्यांतील आपल्या लहानशा घरीं राहावयास गेला, तर बातमीदारांनीं त्या घराला वेढा दिला. त्याच वर्षीं १३ मे रोजीं मोटारसायकलीचा अपघात होऊन १९ मे रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तो वारला. कायद्यानें तो शॉ होता. थडग्यावरील दगडावर मात्र लॉरेन्स हेंच नांव कोरलें गेलें. टाकलेल्या नांवानें शेवटीं त्याला गांठलेंच.

तिसरें उदाहरण मेरी क्यूरी यांचें. १९०३ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मेरी, त्यांचे पति पियेर आणि हेन्री बेकरेल या तिघांना मिळालें. पॅरिसमध्यें एका गळक्या छपरीखालीं वर्षानुवर्षें राबलेल्या या दांपत्याच्या दारीं एकाएकीं बातमीदारांची रीघ लागली. पियेर यांनीं एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रांतील तक्रार मोठी मार्मिक आहे. आपली लहान मुलगी दाईशीं काय बोलली तेंही छापून आलें आणि घरांतील काळ्यापांढऱ्या मांजराचें वर्णनसुद्धां आलें, असें ते म्हणतात. रेडियम समजणें कठीण. मांजर सर्वांनाच समजतें. ज्या कामामुळें प्रसिद्धि मिळते त्या कामाकडे तिचें लक्ष नसतें, आणि उलट त्या कामाचा वेळ मात्र ती खाऊन टाकते.

पियेर १९०६ मध्यें अपघातांत गेले. १९११ मध्यें मेरी यांना रसायनशास्त्राचें दुसरें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच सुमारास त्यांच्या खाजगी आयुष्यावर पॅरिसच्या कांहीं वृत्तपत्रांनीं असा हल्ला चढविला, कीं घरासमोर जमाव जमला आणि त्यांना मुलींसह स्नेह्यांच्या घरीं आश्रय घ्यावा लागला. ज्या जगानें नांव केलें तेंच आतां नांवें ठेवूं लागलें. मराठींत या दोहोंमध्यें एका मात्रेचेंच अंतर आहे. व्यवहारांतही त्याहून फारसें जास्त नसतें.

परंतु या बाईंनीं पुढें जें केलें तें अनुकरणीय आहे. रेडियम मिळविण्याच्या पद्धतीचें पेटंट त्यांनीं घेतलें नव्हतें, आणि आपल्या प्रयोगशाळेसाठीं एक ग्रॅम रेडियम घ्यावयाचें तर सुमारें एक लक्ष डॉलर हवे होते. अमेरिकेंतील स्त्रियांनीं ती वर्गणी जमविली. १९२१ मध्यें मेरी तिकडे गेल्या आणि २० मे रोजीं अध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्तें त्यांनीं तें दान स्वीकारलें. त्या प्रवासांत हस्तांदोलनें करून करून त्यांचा हात इतका दुखावला, कीं तो झोळींत बांधावा लागला. लोकांच्या प्रेमानेंच कामाचा हात जायबंदी व्हावा, याहून कीर्तीचें बोलकें चित्र मला माहीत नाहीं. तरीही १९२९ मध्यें त्या पुन्हां गेल्या. या वेळीं वॉर्सा या आपल्या जन्मगांवच्या रेडियम संस्थेसाठीं. लॉरेन्सनें नांव फेंकून देण्याची खटपट केली. मेरी क्यूरी यांनीं तें हत्यारासारखें वापरलें. जरुरीपुरतें हातांत घेतलें आणि काम होतांच खालीं ठेवून त्या प्रयोगशाळेंत परतल्या.

कोणी म्हणेल, प्रसिद्ध माणसांनीं चाहत्यांशीं थोडें प्रेमानें वागावें, म्हणजे दोघांसही सुख होईल. आपण हिशेब करून पाहूं. एखाद्याचे चाहते एक लक्ष आहेत आणि प्रत्येकाशीं त्यानें एकच मिनिट बोलावयाचें ठरविलें, तर झोप आणि जेवण सोडूनही त्याला ६९ दिवस पुरणार नाहींत. ज्या चाहत्याला मिनिट मिळालें नाहीं तो त्याला गर्विष्ठ म्हणणार, आणि ज्याला मिळालें तो एका मिनिटांत काय ओळखणार? म्हणून लोक त्या माणसाचें एक चित्र मनांत तयार करतात आणि त्या चित्राशींच स्नेह किंवा वैर करतात. त्या चित्राला साजेसें वागण्याची जबाबदारी मात्र जिवंत माणसावर पडते. शिवाय त्याच्याभोंवतीं स्तुति करणारे आणि निंदा करणारे पुष्कळ असतात. ‘हें तुझें चुकलें’ असें मायेनें सांगणारा एकही मिळेनासा होतो.

मग कीर्ति मागें ठेवून जावें असा उपदेश आपल्या समर्थांनीं केला नाहीं काय, अशी शंका कोणी घेईल. केला आहे. पण मनाच्या ज्या श्लोकांत तो आहे त्याच श्लोकांत चंदनाप्रमाणें झिजण्याची आणि सज्जनांना निवविण्याची आज्ञाही आहे. सुगंध हवा आणि झिजणें नको, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. शिवाय ती कीर्ति देह सोडल्यावर मागें राहावयाची आहे. जिवंतपणीं तिचा आंकडा रोज मोजीत बसावें, असें त्यांनीं कोठेंही सांगितलेलें नाहीं.

तेव्हां घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला प्रसिद्ध व्हायचें आहे’ असें म्हणाली, तर तिच्यावर रागावूं नये आणि तिला हंसूंही नये. एवढेंच विचारावें : ‘तुझें हेंच काम तुझ्या नांवावांचून जगापुढें जाणार असेल, तर तूं तें करशील काय?’ उत्तर ‘होय’ असें आलें, तर निश्चिंत असावें. कीर्ति आली तर ती त्या कामाच्या उपयोगी पडेल, न आली तरी काम हातांत राहील. उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर त्या मुलाची भूक कशाची आहे, हें आपण ओळखावें. त्याला लाखों अनोळखी डोळे नको असतात. घरांतील दोनचार ओळखीचे डोळे हवे असतात, आणि पुष्कळदां तेच डोळे आपापल्या फोनमध्यें गुंतलेले असतात. अशा वेळीं फोन बाजूला ठेवावा, त्याची वही मागून घ्यावी आणि ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी. जगानें त्याचें नांव घ्यावें कीं नाहीं, हें आपल्या हातीं नाहीं. त्याच्या माणसांनीं त्याला नांवानें हांक मारावी आणि तो काय सांगतो तें ऐकावें, एवढें मात्र आजपासूनच आपल्या हातीं आहे.