विरजण थांबत नाही, तर दूधच कमी करू

शिरपूर जैनच्या आमच्या गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "मेंदूची चाळणी करणारा आजार असतो म्हणे. त्याला औषध आहे का?" आज त्याबद्दलच बोलू.

या आजाराचं मूळ म्हणजे 'प्रायॉन'. हे नाव अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिलं. प्रायॉन हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक साधं प्रथिन असतं. त्याची घडी चुकली, की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही बिघडवतं. चमचाभर विरजणानं रात्रीतून भांडंभर दुधाचं दही होतं ना, तसंच.

माणसातल्या अशा मुख्य आजाराला डॉक्टर 'सीजेडी' म्हणतात. दहा लाखांत वर्षाला एखाद-दोघांनाच तो होतो. आपल्या देशातही रुग्ण सापडले आहेत. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी १९७१ ते १९९० मधल्या रुग्णांचा अभ्यास मांडला होता. बहुतेकांना तो आपोआप होतो, काही घराण्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो.

मग अडवायचा कसा? विरजण काढता येत नाही, पण दूधच नसेल तर दही कशाचं लागणार? १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रथिनच नसलेल्या उंदरांना प्रायॉन टोचले. उंदीर आजारी पडले नाहीत!

हीच वाट अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांनी धरली. २०१० मध्ये त्यांची आई याच आजारानं गेली. पुढच्या वर्षी तपासणीत कळलं, तोच दोष त्यांच्यातही आहे. त्या वकील होत्या. वकिली सोडून त्या पती एरिक मिनिकेल यांच्यासह संशोधनात उतरल्या. प्रथिन तयार होणंच कमी करणारं औषध त्यांनी सहकाऱ्यांसह उंदरांवर तपासलं. आजाराआधी दिल्यावर आजार बराच लांबला. असं एक औषध पाठीच्या कण्यातून टोचून आता रुग्णांवर तपासलं जात आहे. २०२५ मध्ये जनुकातलं एक अक्षर बदलून उंदरांचं आयुष्य सुमारे निम्म्यानं वाढवल्याचंही प्रसिद्ध झालं.

पण हे सगळे अजून प्रयोग आहेत. आज कुणी "हमखास बरा करतो" म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

घरातल्या कुणाची आठवण काही आठवड्यांतच झपाट्यानं गेली, तोल जाऊ लागला, अंगाला झटके येऊ लागले, तर "वयच झालं" म्हणून बसू नका. लगेच मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा मेंदूची सूज यांनीही असं होऊ शकतं आणि त्यांवर उपचार आहेत.

आणि सीजेडीच निघाला, तरी त्या माणसाचं ताट वेगळं करू नका. शिवण्यानं, सोबत जेवण्यानं, सेवा केल्यानं तो लागत नाही. औषध येईल तेव्हा येईल. माणूस आजच आपल्याकडे बघतो आहे.