तांब्यापासून काचेपर्यंत (भाग 6) : वेल्ह्याच्या एक्स्चेंजचं काय होणार?

मागच्या भागात काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाश कसा धावतो ते पाहिलं. आज तो प्रकाश जिथून निघतो, त्या खोलीत जाऊ.

पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरला आत वळलं की मार्गासनी, विंझर करत गाडी वेल्ह्याला पोचते. डोक्यावर तोरणा, एका अंगाला राजगड. 2024 मध्ये तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत कमी वस्तीचा तालुका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 54 हजारांच्या आसपास होती आणि तीही डोंगरांच्या घड्यांमध्ये, वाड्यावस्त्यांत विखुरलेली. टेलिफोनची तार ओढायला याहून अवघड मुलूख जिल्ह्यात क्वचितच असेल.

तरीही या तालुक्याला स्वतःचा एसटीडी कोड आहे, 02130. शेजारच्या भोरचा 02113. टेलिफोन खात्यानं देशाचे सव्वीसशेच्या वर छोटे विभाग पाडले होते. त्यातले बहुतेक तालुक्याच्या हद्दीला धरून होते आणि प्रत्येकाला वेगळा कोड दिला होता. कोड म्हणजे अंतर, आणि अंतर म्हणजे पैसे. पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये उभं राहून मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोललेल्या पिढीला हे सांगायला नको.

त्या काळात तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये काय असायचं? आत शिरताच एक उंच लोखंडी चौकट, तिला एमडीएफ म्हणत. गावातल्या प्रत्येक फोनची तांब्याची जोडतार जमिनीखालच्या केबलमधून इथं येऊन टांगलेली. तिच्यापलीकडे कॉल जुळवणारं यंत्र. ग्रामीण भागात हे यंत्र बहुधा सी-डॉटचं असे. 1984 मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेनं 128 पोर्टांचं छोटं एक्स्चेंज बनवलं आणि 1986 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला पहिलं बसवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ आणि उन्हाळा सोसणारं यंत्र आपल्याच माणसांनी बनवलं, म्हणून खेड्यांत फोन वाजला. हे ऋण मोठं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे बॅटऱ्या. दोन-दोन व्होल्टचे 24 सेल ओळीनं जोडले की 48 व्होल्ट होतात. ही वीज एक्स्चेंजमधून तांब्याच्या त्याच जोडतारेनं घरातल्या फोनपर्यंत जायची. म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालू असे. पानशेतच्या बाजूला पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसली तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यामागे कुठल्या तरी खोलीत कोणी तरी बॅटरीचं पाणी तपासतंय, हे कुणाच्या ध्यानातही नसे.

तांब्याचे दोषही होते. सांध्यात पाणी शिरलं की लाइनवर खरखर, आणि इथं तर चार महिने धो धो पाऊस. तांबं चोरीला जायचं. इंटरनेट त्याच तारेवरून आलं तेव्हा अंतर नडलं. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरांपुढे वेग इतका घसरतो की ब्रॉडबँड हे नाव उरतं फक्त. तालुक्याच्या गावातल्या लोकांना मिळालं, वाड्यांना नाही.

काचेचं गणित वेगळं आहे. एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र बसतं, साधारण कपाटातल्या एका खणात मावेल एवढं. त्याच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरनं विभागून 32 किंवा 64 घरांना देता येतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, ती नुसती काच आहे. प्रत्येक दुभागणीत प्रकाश निम्मा होतो. अभियंत्यांच्या हिशोबात हा तोटा 3 डेसिबल. 32 घरं म्हणजे पाच दुभागण्या, म्हणजे 15. काचेतून 20 किलोमीटर जाताना आणखी 7 जातात. यंत्राची ऐपत साधारण 28 ची असते. उरलेल्या 6 मध्ये सांधे, जोड आणि म्हातारपण भागवायचं.

हे आकडे दिले ते वेल्ह्यासाठी. वेल्ह्याहून पासलीवरून केळदला, मढे घाटाच्या तोंडाशी जाणारी केबल या हिशोबाच्या काठावर येते. पण वस्ती विरळ असेल तर 32 ऐवजी 8 घरांनाच विभागायचं. मग 15 चे 9 होतात आणि वाचलेला प्रकाश अंतरासाठी वापरता येतो. मधल्या गावांत तांब्याच्या काळात जी छोटी एक्स्चेंजं लागायची, ती आता न लागण्याचं कारण हेच. जगभर हेच घडतंय. ब्रिटनमध्ये साधारण 5,600 एक्स्चेंजांपैकी एक हजाराच्या आसपास ठेवून बाकीची पुढच्या दशकात बंद करायची योजना आहे. फ्रान्समध्ये तांब्याचं जाळं 2030 पर्यंत गुंडाळायचं ठरलं आहे.

मग वेल्ह्याच्या एक्स्चेंजलाही कुलूप लागू द्यावं का? मला तसं वाटत नाही.

जुन्या स्वतंत्र एक्स्चेंजमध्ये कॉल जुळवण्याची अक्कल त्या खोलीतच होती. बाहेरची ट्रंक लाइन तुटली तरी वेल्ह्यातल्या वेल्ह्यात फोन लागायचा. ग्रामीण रुग्णालयातून पोलीस ठाण्यात, दुकानातून शाळेत. आता ती अक्कल दूरच्या शहरातल्या सर्व्हरमध्ये गेली आहे. शेजारच्या आळीतला कॉलही आधी घाट उतरून शहरात जातो आणि परत येतो. वाटेत एका ठिकाणी रस्तारुंदीच्या जेसीबीनं केबल उचकटली की अख्खा पट्टा मुका होतो. काच पाण्याला भीत नाही, पण दरडीपुढे आणि जेसीबीपुढे तिचं काही चालत नाही.

याची कल्पना योजना आखणाऱ्यांना उशिरा आली. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात ओएलटी तालुक्याच्या बीएसएनएल एक्स्चेंजमध्ये ठेवायचं, जुनी फायबर जिथपर्यंत असेल तिथपर्यंत ती वापरायची आणि पुढचा तुकडा नवा टाकून ग्रामपंचायत गाठायची, असा बेत होता. खर्च वाचला, पण वाट एकच राहिली, आणि तिचा काही भाग जुनाच. 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रिंग आली. प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन बाजूंनी केबल पोचली की एक तुटली तरी दुसरीकडून काम चालतं. डोंगरी तालुक्यासाठी या योजनेतला सर्वांत मोलाचा शब्द हाच आहे, वेगाचा आकडा त्यानंतर.

म्हणून वेल्ह्याच्या एक्स्चेंजचं नवं काम मला असं दिसतं : तांब्याची चौकट आणि कॉल जुळवणारं जुनं यंत्र जावं, पण खोली, बॅटऱ्या, जनरेटर आणि माणूस राहावा. रिंगच्या दोन्ही वाटा इथं येऊन मिळाव्यात. मोबाइलच्या टॉवरांनाही इथूनच फायबर मिळावी. तांब्याचा सांधा डोळ्यांनी आणि कानांनी शोधणाऱ्या लाइनमनच्या हाती आता काच जोडणारं स्प्लायसिंगचं यंत्र आणि ओटीडीआर असेल. ओटीडीआर प्रकाशाच्या परतणाऱ्या ठिपक्यावरून तुटलेली जागा काही मीटरांच्या फरकानं सांगतो. पण दरडीखालची केबल उकरायला भर पावसात जाणारा माणूस वेल्ह्यातच राहणारा हवा. पुण्याहून निघालेली गाडी पोचेपर्यंत दिवस मावळतो.

आणि एक काम प्रत्येक घराचं आहे. काचेतून वीज येत नाही. लाईट गेली की घरातला मोडेम बंद आणि त्यावरचा फोनही बंद. रात्री साप चावला आणि 108 ला फोन करायचा झाला, तर तांब्याच्या काळातला तो हुकमी टोन आता नाही. मोडेमला जोडायची छोटी बॅटरी बाजारात मिळते. कनेक्शन घेताना तीही घ्याच, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर.

वेल्हे आणि भोरच्या वाचकांना एक विनंती. येत्या ग्रामसभेत ब्रॉडबँडचा विषय निघेल तेव्हा वेग किती मिळणार हे विचारा, पण त्याआधी विचारा की आपल्या गावाला केबल एका वाटेनं येणार की दोन, आणि उत्तर ठरावात लिहून घ्या.

(पुढच्या भागात : टॉवरपर्यंतची फायबर)