अमरसिंहाला नावं ठेवणारा डॉक्टर

नववीतल्या एका मुलाने शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांची ओळख इंग्रजीतून करून दिली. 'फेमस' हा शब्द त्याला फारच साधा वाटत होता, म्हणून आदल्या रात्री त्याने समानार्थी शब्दांच्या पुस्तकात बोट फिरवलं आणि त्यातल्या त्यात वजनदार शब्द उचलला. पाहुणे निवृत्त न्यायाधीश. आज आपल्यात जिल्ह्यातले एक 'नोटोरियस' न्यायाधीश बसले आहेत, असं तो खणखणीत आवाजात म्हणाला. इंग्रजीच्या सरांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश मात्र पोट धरून हसले. लोक इतकी वर्षं हे माघारी म्हणायचे, तोंडावर म्हणणारा आज पहिलाच भेटला, असं त्यांनी भाषणात सांगितलं.

तो मुलगा पुढे शब्दकोशांच्या नादी लागला. हा लेख त्याचाच.

चूक निव्वळ मुलाची नव्हती. 'फेमस' आणि 'नोटोरियस' त्या पुस्तकात खरोखरच एका घोळक्यात उभे होते. एक नामांकित, दुसरा बदनाम, हे सांगायची तसदी पुस्तकाने घेतली नव्हती. ते पुस्तक म्हणजे रोझेचा 'थिसॉरस'. स्पेलिंगप्रमाणे नाव रॉगेट असं वाचलं जातं, पण वडील जिनिव्हाकडचे, म्हणून उच्चार रोझे.

पीटर मार्क रोझे १७७९ साली लंडनमध्ये जन्मला. तो चार वर्षांचा असताना वडील वारले. पोराला लहानपणापासून याद्या करायचा नाद. एकोणिसाव्या वर्षी एडिंबराची डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि पुढे मँचेस्टरच्या रुग्णालयात नोकरी. १८१८ साली मामा, कायदेसुधारक सर सॅम्युएल रोमिली, यांनी पत्नी गेल्याच्या दुःखात आत्महत्या केली. त्यांच्यावर उपचार करत होता तो हाच भाचा. माणूस एका जागी रमणारा नव्हता. गणितासाठी त्याने नव्या तऱ्हेची सरकपट्टी काढली. फटीतून पाहिलं की फिरत्या चाकाचे आरे वाकलेले का दिसतात, यावर निबंध लिहिला. रॉयल सोसायटीचं चिटणीसपद वीस वर्षांहून जास्त सांभाळलं.

शब्दांची पहिली वही मात्र १८०५ मधली. स्वतःला लिहिताना शब्द अडू नये, एवढ्याचपुरती केलेली. ती तशीच पडून राहिली. चिटणीसपद सुटल्यावर म्हाताऱ्याने वही पुन्हा बाहेर काढली आणि १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पुस्तक छापून आलं.

नेहमीच्या शब्दकोशात शब्द माहीत असतो, अर्थ शोधायचा असतो. इथे उलटा कारभार. अर्थ मनात घोळतोय, शब्द जिभेवर येत नाही, अशा माणसासाठी हे पुस्तक. रोझेने सगळ्या विचारविश्वाचे सहा वर्ग पाडले आणि त्याखाली एक हजार मथळे मांडले. जमेल तिथे विरुद्ध अर्थाचे मथळे एकाच पानावर, समोरासमोरच्या स्तंभांत छापले. 'अस्तित्व' डावीकडे, 'अभाव' उजवीकडे. जमाखर्चाच्या वहीसारखं पान!

खरी गंमत आहे ती त्याच्या प्रस्तावनेच्या एका तळटीपेत. विचारांच्या क्रमाने शब्द लावण्याचा उद्योग आपल्याआधी कोणी केला होता, याचा हिशेब देताना रोझे सर्वांत जुनं नाव घेतो ते अमरसिंहाच्या संस्कृत अमरकोशाचं! कोलब्रुक या इंग्रज पंडिताने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १८०८ साली सेरामपूरला छापलं होतं, तेही तो नोंदवतो. आणि लगेच नाक मुरडतो. वर्गीकरण फार अपुरं आणि गोंधळाचं आहे म्हणे. स्वर्ग, देव, दैत्य, अग्नी, वायू, वेग हे सगळे एका प्रकरणात. पाप, पुण्य, सुख, बुद्धी, चवी, वास आणि रंग दुसऱ्या एकाच प्रकरणात कोंबलेले. समुद्र, नगरं, वनस्पती, प्राणी यांची मांडणी मात्र पद्धतशीर आहे आणि इतक्या जुन्या काळी हे कौतुकाचं, एवढी पाठ तो थोपटतो.

या लेखकाला ही टीप पहिल्यांदा वाचून राग आला होता, हे कबूल करायला हवं. आजोबा पहाटे चूल पेटवताना अमरकोश म्हणायचे. वह्नी, पावक, अनल, कृशानू अशी अग्नीची नावं त्या ठेक्यात कानावर पडत आणि खाली लाकडं तडतडत. रोझेने मांडणी केली ती डोळ्यांसाठी. छापील पान, आकडे, मागे सूची. अमरसिंहाचे सुमारे दीड हजार श्लोक कानासाठी आणि घोकण्यासाठी. छंदात बसलं पाहिजे, शब्दाचं लिंग कळलं पाहिजे, एक नाव आठवलं की पुढचं आपसूक ओठांवर आलं पाहिजे. पाठांतराच्या ग्रंथाला कपाटाचे कप्पे लावून मोजणं हा अन्यायच. शिवाय अमरकोश सुरू होतो स्वर्गाच्या नावांनी. रोझे निघतो 'अस्तित्वा'पासून आणि हजाराव्या मथळ्याला पोचतो तो देवळात! पंडित देवापासून खाली उतरला, डॉक्टर पायऱ्या मोजत वर चढला, एवढाच काय तो फरक.

विरुद्धार्थी शब्दांच्या बाबतीत मात्र डॉक्टरला मानलंच पाहिजे. शाळेतल्या जोड्या लावा छापाच्या प्रश्नात प्रत्येक शब्दाला एकच वैरी असतो. शब्दाचं वैर संदर्भावर ठरतं, हे रोझेने उदाहरणं देऊन दाखवलं. 'ओल्ड'च्या समोर 'न्यू' उभा राहतो तसाच 'यंग'ही. मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपण जुनं कपाट आणि म्हातारा माणूस आधीच वेगळे ठेवले आहेत. 'गिव्ह'च्या समोर 'रिसीव्ह' येतो आणि 'टेक'ही. मिळणं वेगळं, घेणं वेगळं. काही ठिकाणी तर जोडीच नसते, तिघं असतात: आरंभ, मध्य, शेवट.

इंग्रजीत इतके समानार्थी शब्द आले कुठून, हेही थोडक्यात सांगायला हवं. १०६६ साली फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंडात आले, दरबारात फ्रेंच बसली, विद्येत लॅटिन होतीच आणि शेतकऱ्याची इंग्रजी खाली टिकून राहिली. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' अशा तीन पायऱ्या. आई 'आस्क' करते, सभागृह 'क्वेश्चन' करतं, पोलीस 'इंटरॉगेट' करतात. आपल्याकडे विचारणं, जाब विचारणं आणि जबानी घेणं.

रोझे कुठेच अर्थ देत नाही. ज्याला शब्द आधीच ओळखीचे आहेत त्याला विसरलेला शब्द आठवून द्यावा, एवढंच त्याचं काम. शब्दसंग्रह वाढवायला निघालेल्या विद्यार्थ्याने हे पुस्तक एकटं वापरणं म्हणजे निव्वळ पत्रिका पाहून लग्न ठरवणं. शेजारी उदाहरणं देणारा कोश हवाच. आणि रोज वीस शब्द पाठ करण्यापेक्षा दोन शब्दांमधलं अंतर तपासावं. 'स्लिम' म्हटलं की बाई खूश, 'स्किनी' म्हटलं की चहा मिळायचा नाही!

पुढे मुंबईच्या फोर्टातल्या फुटपाथवर या लेखकाला थिसॉरसची एक जुनी प्रत मिळाली. पुठ्ठा सुटलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी शब्द लिहून ठेवले आहेत. कृशपणाच्या पानावर तर गर्दीच. 'स्लेंडर'समोर शेलाटी, 'स्लिम'समोर सडपातळ, 'स्किनी'समोर हडकुळा, 'लँकी'समोर लांबलचक काटकुळा. 'गॉन्ट'समोर दोन शब्द लिहून खोडलेले आहेत आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह.